औषध लावलेलं बी

मंगळवार, ९ तारीख

दादा,

हे मुद्दाम पोस्टकार्ड आहे. पाकीट असतं तर तू न फोडता परत धाडलं असतंस, मागची दोन धाडलीस तसं. कार्ड फोडावं लागत नाही. समोर आलं की डोळे वाचतातच.

आईने मामांच्या ट्रकमधून तुला एक डबा पाठवलाय. त्यात मक्याचे गुलाबी दाणे आहेत. त्यातला एकही दाणा तोंडात टाकू नकोस. विष आहे ते. धुऊन नको, भाजून नको, आईने शपथ घातली असली तरी नको. खोलीतल्या दुसऱ्या कुणालाही देऊ नकोस. खाल्ले असशील तर हे कार्ड तिथेच टाक आणि दवाखाना गाठ. डबा बरोबर ने.

पोस्टमनदादा, तुम्ही हे वाचत असाल तर खुशाल वाचा, आणि मग पळत सुटा.

धाकटी


बुधवार, १० तारीख

दादा,

कालच्या कार्डाची जागा संपली आणि सांगायचं ते निम्मं राहिलं. शिवाय कार्ड जो तो वाचतो. इथल्या पोस्टातल्या बाईंनी शिक्का मारता मारता वाचलं, "अगं बाई" म्हणाल्या आणि त्याच्यावर दोनदा शिक्का हाणला. म्हणून आज पाकीट.

कार्ड टाकून मी हातावर हात ठेवून बसले नाही. गोदामाच्या फोनवरून बंदराच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या माणसाने नाव विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, या नावाचे आमच्याकडे चौघे आहेत, कोणता हवाय? मी म्हटलं, उंच आहे, डाव्या भुवईवर व्रण आहे, समोरच्याचं अजिबात ऐकून घेत नाही. तो म्हणाला, "बाई, एवढ्याने चारातला एकसुद्धा कमी होत नाही." निरोप देतो म्हणाला. आवाजावरून देईलसं वाटलं नाही. मग दुपारच्या बसच्या कंडक्टरकडे चिठ्ठी दिली, पण ती बस बंदरापर्यंत जातच नाही, अलीकडे थांबते. तिथून पुढे कुणी न्यायला हवी. मामांचा ट्रक काल पहाटेच निघालाय. आता माझ्याकडे करण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून लिहितेय.

आणि हो, ऑफिसातल्या माणसाला मी "हमालांत बघा" असं सांगितलं. "देखरेखीवाल्यांत बघा" असं नाही सांगितलं. घरी तू देखरेखीवर आहेस म्हणून सांगितलंयस ते आईला पुरे, मला नको. मामांनी त्यांच्या पहिल्याच फेरीत मला सांगितलं होतं, की तू धक्क्यावर पोती उतरवतोस, आमचीच. जहाजातून तुझ्या पाठीवर, तुझ्या पाठीवरून ट्रकवर, ट्रकमधून माझ्या गोदामात. आईला मी एका शब्दाने बोललेले नाही. वहिनीलाही नाही. वाटलं, तुझं तू सांगशील.

आता मुळापासून सांगते, कारण चूक माझी आहे आणि ती दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर गेलेली मला चालणार नाही.

या वेळी मदतीत खायच्या धान्याबरोबर पेरायचं बीही आलं. दोन्ही बरोबर देतात त्याला कारण आहे. घरात खायला नसताना नुसतं बी दिलं तर माणसं तेच शिजवतात. पोट पेरणीची वाट बघत नाही. म्हणून घरटी एक पोतं खायला आणि एक पाकीट पेरायला. त्या पाकिटातल्या दाण्यांना किडी-बुरशीचं जहाल काहीतरी फासलेलं असतं आणि वर गुलाबी रंग देतात, माणसाने ओळखावं आणि खाऊ नये म्हणून.

शनिवारी वाटप होतं. साहेबांनी मला भोंग्यावरून वाचायला कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, "रासायनिक प्रक्रिया केलेले बियाणे, सेवनास अयोग्य." आता तूच सांग, रांगेतल्या बायकांना हे काय कळणार? सेवन म्हणे! माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मी कागद खिडकीत ठेवला, भोंगा तोंडाला लावला आणि साध्या सरळ भाषेत ओरडले, "बायांनो, ऐका! हे औषध लावलेलं बी आहे! जपून ठेवा!"

तीनदा ओरडले. वर स्वतःवरच खूश. म्हटलं, बघा साहेब, याला म्हणतात सांगणं.

काल सकाळी गोदाम उघडते न उघडते तोच चष्मेवाली आजी दारात. तीच, जिच्या कुंपणावरून उडी मारताना तुझी भुवई फुटली होती. पोत्यावर टेकली, दम घेतला आणि मला विचारते, "अगं, जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

मी म्हटलं, "काय?"

"ते औषध गं. गुलाबी. तू आरोळ्या देत होतीस ते. माझ्या गुडघ्यांना चालेल ना?"

दादा, मी तिचे दोन्ही दंड धरले आणि विचारलं, किती खाल्लंस? तर ती माझ्यावरच डाफरली. "विचारल्याशिवाय कशी खाईन? औषध आहे ते, फुटाणे आहेत का?" मी तिला मिठी मारली. तिला वाटलं हिला काहीतरी झालंय.

बघ, आपल्याकडे पिकावर मारायचं तेही औषध आणि तापाला घ्यायचं तेही औषध. उंदराला घालतो तेही औषधच म्हणतो आपण. इतकी वर्षं रोज बोलतेय हा शब्द, एकदाही डोक्यात आलं नाही.

भोंगा उचलला आणि तशीच निघाले. गोदाम उघडं टाकून. घरोघर. ओरडून ओरडून घसा बसलाय. बहुतेकांनी नीट ठेवलं होतं, कारण त्यांना कळलं होतं. माणसं काही माझ्याइतकी शहाणी नाहीत. पण पाच-सहा घरांत म्हाताऱ्या माणसांनी पाकीट गोळ्यांच्या डब्याशेजारी फडताळात ठेवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. शिंप्याच्या सासूने तर नातवाला पाजायला दाणे भिजत घातले होते. भांडं माझ्यासमोर खड्ड्यात ओतलं. कुणी खाल्लं नव्हतं. कुणीही नाही. मला वाटलं, सुटले.

आपलं घर मी शेवटी ठेवलं होतं. म्हटलं, तिथे कसली भीती? आई तर गोदामातल्या वस्तूला हात लावत नाही. तू उंबऱ्यात उभा राहून "भिकेचं धान्य माझ्या घरात शिजणार नाही" म्हणालास, त्या दिवसापासून तिने ते वाक्य पाळलंय. मी तेव्हा तुला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, तुला आठवतंय आणि मलाही. तू निघून गेलास, पण वाक्य ठेवून गेलास, आणि तुझी आई त्याच्याशी प्रामाणिक आहे. मी पोतं आणलं की ती परत पाठवते. वहिनीच्या मजुरीत दोघींचं जेमतेम भागतं. वहिनी दुपारी माझ्याकडे गोदामात येऊन जेवते आणि घरी जाऊन भूक नाही म्हणते. आई म्हणते, हल्ली हिचं खाणंच कमी झालंय. दोघींनाही सगळं माहीत आहे. मी मध्ये पडत नाही.

तर घरी गेले. आई अंगणात बसली होती. म्हटलं, "आई, शनिवारी वहिनी गोदामातून काही घेऊन आली का?"

"पोतं मी परत पाठवलं की."

"पोतं नाही गं. पाकीट."

"ते ठेवून घेतलं."

मला हसूच आलं. म्हटलं, "अरे वा. आणि भिकेचं काय झालं?"

"अन्न फुकट घेतलं तर तो रागावेल. औषध फुकट घेतलं तर काय? दवाखान्यात मिळतंच की."

हसू तिथेच थिजलं. "पाकीट कुठंय, आई?"

"दादाला पाठवलं. मामा सांगत होते, पोराचा खोकला जात नाही म्हणून. रोज सकाळी चार दाणे चावून खा असा निरोप दिलाय. आणि धुवू नको म्हटलंय. औषध त्या रंगातच असणार."

मला तिच्यावर ओरडता येईना. कशी ओरडणार? माझेच शब्द होते ते. तिने तेवढे जपून ठेवले आणि तुला पाठवले.

तिला अजून नीट सांगितलेलं नाही. दाणे नासके निघाले, दादाला खाऊ नको म्हणून कळवलंय, एवढंच बोललेय. तिने उगाचच अंगण झाडायला घेतलं. झाडलेलंच होतं. वहिनीला सगळं सांगितलं. आज दिवसभर ती फाटकाशी उभी आहे, पोस्टमनची वेळ नसतानाही.

तुझा खोकला कशाचा आहे ते मी सांगते. पोत्यांच्या धुळीचा. मलाही तोच आहे. तू तिकडे पोतं पाठीवर घेतोस तेव्हा निम्मी धूळ तू खातोस आणि मी इकडे थप्पी लावते तेव्हा उरलेली मी. मी तोंडाला ओलं फडकं बांधते, त्याने बराच फरक पडतो. तूही बांध. गुलाबी दाण्यांनी तो जाणार नाही.

हे पाकीट परत पाठव, दादा. खरंच पाठव. न फोडता पाठवलंस तरी मी नाचेन. त्यावर तुझ्या अक्षरात "परत" एवढं जरी असलं तरी मला कळेल की तू आहेस. मागच्या दोन वेळा तो शब्द बघून मी तुला वाटेल ते बोलले होते. आता त्याच शब्दाची वाट बघतेय.

धाकटी


शनिवार, १३ तारीख

दादा,

मामांचा फोन आला! दवाखान्यातून आला, पण आला, आणि बोलत स्वतः होते.

फोन ठेवला आणि मी तेलाच्या डब्यांवर बसून रडले. रांग लागलेली होती, सगळ्या बायका बघत होत्या. एकीने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही गेलं गं, कुणीच नाही गेलं. मग ती पण रडायला लागली. सगळी रांग कामं सोडून रडतेय आणि हसतेय, आणि साहेब दारात उभे, त्यांना काही कळेना.

मामांनी सांगितलं ते तुला ठाऊकच आहे, तरी लिहिते, कारण लिहिताना परत बरं वाटतं. आईने डबा देताना "औषध आहे" म्हटलं आणि मामांची पाठ तर ट्रक चालवून चालवून कायमचीच दुखते. अर्ध्या रस्त्यात त्यांनी डबा उघडला आणि मूठभर दाणे चावून खाल्ले. मी त्यांना विचारलं, मामा, दुसऱ्याचं औषध कुणी खातं का? तर म्हणाले, "अगं, घरचं होतं म्हणून खाल्लं." बंदराच्या फाटकात पोचेपर्यंत घामाने निथळत होते आणि गाडीच्या खिडकीतून उलट्या चालल्या होत्या. आणि फाटकात कोण, तर तू.

तू डबा उघडलास, रंग बघितलास आणि काही न विचारता त्यांना पाठीवर घेतलंस. पोतं घेतात तसं, मामा म्हणाले. डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं? मामा कण्हत सांगत होते, औषध. डॉक्टर म्हणाले, कशावरचं? मामा म्हणाले, खोकल्यावरचं, पण मी पाठीसाठी घेतलं. हे असंच चाललं असतं तर मामांचं काही खरं नव्हतं. तू डबा टेबलावर ठेवून म्हणालास, "माणसाचं नाही साहेब, बियाण्याचं औषध आहे." मग पुढचं सगळं भराभर झालं. उद्या घरी सोडणार म्हणे. पाठ अजून दुखतेच आहे.

कार्डही पोचलं असं कळलं. तुझ्याआधी ते धक्क्यावरच्या सगळ्यांनी वाचलं आणि आता तुला "गुलाबी" म्हणून हाक मारतात, हेही मामांनी आवर्जून सांगितलं. त्यात माझा दोष नाही. पाकिटं फोडत जा, म्हणजे कार्डं येणार नाहीत.

पाकीट काही परत आलेलं नाही अजून. पोस्ट हल्ली उशिरा येतं.

आता आईचं. तिला सगळं खरं सांगावं लागलं, कारण तिने नेमकं विचारलं, "पण दादाने कसं ओळखलं? आपण तर कधी असलं रंगीत बी पेरलं नाही." आता काय सांगू? देखरेख करणाऱ्याला कसं कळेल? मग मी सांगून टाकलं. म्हटलं, आई, तो पोती उतरवतो. ही गुलाबी पाकिटं असलेली पोती आली की हमालांना हातमोजे घालायला लावतात, म्हणून त्याला रंग ठाऊक. तुझं गुपित फोडलं. रागव हवं तर. पण त्या हमालीनेच मामा वाचले आणि तूही, तेव्हा फार लपवण्यासारखं ते काही राहिलेलं नाही.

मला वाटलं, आता आई डोळ्याला पदर लावणार. तिने विचारलं, "म्हणजे तुझ्या गोदामातलं धान्य त्याने उचललेलं असतं?"

म्हटलं, "सगळं नाही. पण बरंचसं."

"त्याच्या पाठीवरून येतं?"

"हो."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?" असं म्हणून ती माझ्यावरच खेकसली. "इतके दिवस पोतं परत पाठवतेय मी! पोराच्या कष्टाचं धान्य दारातून परत! आण ते पोतं." आणि वहिनीकडे वळून म्हणाली, "आणि तू आता घरी जेवत जा. रोज रोज दुसऱ्याकडे जेवणं बरं दिसत नाही."

आज आई पोटभर जेवली, दादा. मी समोर बसून बघितलं. वहिनीने वाढलं, परत वाढलं, आई नको म्हणाली नाही. तुझं वाक्य तिने मोडलेलं नाही, एवढं लक्षात ठेव. तिच्या मते त्यात भीक कुठे नाहीच.

भोंग्यावर मी आता "विष लावलेलं बी" म्हणते. साहेब म्हणाले, अहो, विष म्हटलं तर पुढच्या खेपेला कुणी घेणार नाही. म्हटलं, घेतील, आणि घेऊन लांब ठेवतील. शेवटी आमची तडजोड झाली. आता मी ओरडते, "हे खायचं नाही, चाटायचं नाही, कुणाला पाजायचं नाही, गुडघ्याला चोळायचं नाही, फक्त पेरायचं!" गुडघ्याचं चष्मेवाल्या आजीसाठी घातलंय. ती पहिल्या नंबरला उभी राहून मान डोलावते.

एक राहिलं. शेत. वहिनीने एकटीने नांगरून ठेवलंय. घरटी एकच पाकीट होतं आणि आपल्या घरचं तुझ्याकडे आहे. गोदामात शिल्लक नाही. असतं तरी आपल्याच घरी दुसरं दिलं असतं तर उद्या भोंगा कुठल्या तोंडाने धरला असता? जमिनीत अजून ओल आहे. पुढचा आठवडा टिकेल, फार तर. आजूबाजूच्यांची पेरणी उरकलीय. मधे आपला तेवढा तुकडा मोकळा दिसतो आणि वहिनी रोज संध्याकाळी बांधावर जाऊन येते.

मी तुला ये म्हणत नाहीये. मी बोलवून तू कधी आला आहेस? डबा तेवढा मामांबरोबर परत पाठव. मूठभर मामांनी खाल्लं तरी उरलेल्यात आपला तुकडा भागेल.

आईने निरोप दिलाय, तसाच लिहिते: "खोकल्याला कोमट पाणी पी. आणि मी काही पाठवलं तर आधी धाकटीला विचार."

धाकटी


रविवार, २८ तारीख

दादा,

उगवलं. परवा सकाळी वहिनी धावत गोदामात आली, चपला न घालता. मला वाटलं पुन्हा काहीतरी झालं. ती नुसती "चल, चल" म्हणत हात ओढत होती. जाऊन बघते तर ओळीच्या ओळी, बोटाएवढे कोंब. एका कोपऱ्यात थोडे विरळ आहेत. तिथे मामांच्या वाटणीचे असणार. मामांनी स्वतः येऊन पाहिलं आणि म्हणाले, "तेवढी कणसं माझ्या नावची." आईने त्यांना बसवून जेवायला वाढलं आणि फडताळाची किल्ली कमरेला खोचली. तिचा आता कुणावर भरवसा नाही.

शेजारच्या शेतांपेक्षा आपलं मागे आहे. आई म्हणते उशिरा आलेलं नीट लागतं. पेरणी उरकून तू परत गेलास त्या दिवशी तिने रडारड केली नाही याचं तुला वाईट वाटलं असं वहिनी म्हणाली. वाईट वाटून घेऊ नकोस. कणसं भरली की येतो, मुकादमाला तसं सांगूनच ठेवतो म्हणालास ना, म्हणून तिने तुला कामावर गेलेला धरलंय, निघून गेलेला नाही. शेजारणीने विचारलं तर सांगते, "मुलगा धान्य पाठवतो आमचा." अख्ख्या गावाचं धान्य तूच पाठवतोस असा तिचा सूर असतो. मी दुरुस्त करत नाही.

तोंडाला फडकं बांधतोस का? वहिनी विचारायला सांगतेय. तिने निळं फडकं शिवून दिलंय ते घरून निघताना तू खिशात घातलंस, पण खिशात ठेवून खोकला थांबत नाही. पुढच्या फेरीला मामा बघून येणार आहेत.

आता जे लिहायला बसले ते.

तू इथे होतास तेवढे दिवस आपण दोघं बोललो, पण सगळं बियांचं, ओलीचं, बांधाचं. तू आलास त्या बुधवारचं काही बोललो नाही. तू बोलणार नाहीस हे मला ठाऊक आहे आणि मला तोंडाने बोलायला जमत नाही, भोंगा असला तर गोष्ट वेगळी. म्हणून लिहिते.

त्या बुधवारी मी नेहमीसारखी मापाला उभी होते. मान खाली. फडकं तोंडावर. माप भरायचं, पिशवीत ओतायचं, "पुढे या" म्हणायचं. मामांचा ट्रक बाहेर लागल्याचा आवाज आला होता. मला वाटलं, रांग संपली की जाऊन डबा घेऊ. बायका पुढे सरकत होत्या. मी "पुढे या" म्हटलं आणि समोर पिशवी आलीच नाही. डबा आला. आईचा, झाकणाला पोचा आलेला.

तू मागच्या दाराने येऊ शकला असतास. ट्रकमधून उतरून सरळ घरी जाऊ शकला असतास. माझ्या गोदामाच्या रांगेत, शिंप्याच्या सासूच्या मागे, सगळ्या गावासमोर तू उभा राहिलास. किती वेळ उभा होतास मला कळलंसुद्धा नाही. आणि सगळ्या बायकांना कळलं होतं! एकीनेही मला हाक मारली नाही, आवाज केला नाही, तुझा नंबर येईपर्यंत दम धरून उभ्या होत्या. चष्मेवाली आजी नंतर म्हणाली, जन्मात इतका वेळ गप्प बसले नव्हते.

मी वर बघितलं. तू किती वाळलायस. तू माझ्याकडे बघितलंस आणि अगदी गंभीर तोंड करून विचारलंस, "जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

दादा, ही गोष्ट मी कार्डावर लिहिली नव्हती. मामांना फोनवर सांगितली नव्हती. ती फक्त दहा तारखेच्या पत्राच्या पाकिटात होती.

लोकांना वाटलं मी विनोदाला हसले. विनोदाला नव्हते हसले मी. मला तिथल्या तिथे दिसलं की तू धक्क्यामागच्या त्या खोलीत बसून पाकीट फोडलंस. माझं वाकडंतिकडं अक्षर लावत लावत आजीपर्यंत आलास, आईपर्यंत आलास, शेवटपर्यंत वाचलंस. मी वाट बघत होते "परत" या शब्दाची. तू तो लिहिला नाहीस. स्वतःच आलास.

तू उंबऱ्यात होतास तेव्हा मी काय बोलले ते मागच्या एका पत्रात लिहिलं नव्हतं. आजही लिहीत नाही, त्याची गरज उरली नाही. पण या वेळी काय म्हणाले ते लिहून ठेवते, कारण फडक्याआडून तुला नीट ऐकू गेलं की नाही याची मला खात्री नाही.

मी डबा तुझ्या हातातून घेतला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "नंतर. आधी जेव."

आणि मापाच्या टेबलामागे, त्याच पोत्यांवर बसून, माझ्या डब्यातलं तू जेवलास.

तुझी
धाकटी